आरएनएची नक्कल करणारा हात: विषाणूंच्या एंझाइमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढून मी सावंतवाडीला परतलो आणि अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायला लागलो. तेव्हापासून प्रश्न येतच असतात. नीटची तयारी करणारी मुलं, त्यांचे पालक, दोडामार्गकडचे काजूवाले, खाडीकाठचे कोळंबीवाले, सगळेच विचारतात. हंगामाप्रमाणे विषय बदलतो: काजू लागला की माकडताप, पाऊस धरला की डेंगी. जरा खोदलं की बहुतेक प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात: विषाणू स्वतःच्या नकला काढतो कसा आणि ते थांबवता येतं का? बहुतेकदा ते काम विषाणूचं एक एंझाइम करतं, म्हणजे रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. त्याच्याबद्दलच्या त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ओळीने वाचायलाच हवं असं नाही. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे एंझाइम नेमकं करतं तरी काय?

आरएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक माळ: ए, यू, जी आणि सी. ए-ची जोडी यू-शी, जी-ची सी-शी. हे एंझाइम एक माळ पकडतं, तिच्यावरून सरकत जातं आणि प्रत्येक अक्षरासमोर त्याच्या जोडीचं अक्षर ओवत नवी माळ तयार करतं. नवी माळ मूळ माळेच्या उलट असते. मग त्या उलट्या माळेवरून पुन्हा सुलट्या माळा काढल्या जातात. ज्यांनी फोटो स्टुडिओत निगेटिव्ह पाहिली आहे त्यांना हे लगेच कळतं. आताच्या मुलांना आधी निगेटिव्ह म्हणजे काय तेच सांगावं लागतं.

पूर्ण नाव ‘आरएनए-अवलंबी आरएनए पॉलिमरेज’, लॅबमधलं घरगुती नाव ‘आरडीआरपी’. मराठी पुस्तकांत एंझाइमला विकर म्हणतात. मी एंझाइमच म्हणणार, कारण मला प्रश्न विचारणारं कुणी विकर म्हणत नाही.

२. आपल्या पेशीत एवढी एंझाइमं असताना विषाणूला स्वतःचं कशाला लागतं?

आपल्या पेशीची मूळ वही डीएनएत असते. तिच्यावरून डीएनएची नक्कल होते, तिच्यावरूनच आरएनए उतरवून घेतला जातो, आणि त्या आरएनएवरून प्रथिनं बनतात. आरएनएवरून पुन्हा आरएनए काढायची वेळ आपल्या पेशीवर येत नाही, त्यामुळे ते काम करणारं यंत्रही तिच्याकडे नाही. डेंगी, चिकुनगुनिया, रेबीज, पोलिओ, फ्लू, कोरोना यांची मूळ वहीच आरएनएची असते. प्रथिनं बनवणारी यंत्रणा, कच्चा माल, ऊर्जा हे सगळं त्यांना आपल्याकडे आयतं मिळतं. नकलणारं एंझाइम तेवढं मिळत नाही, ते त्यांना घरून आणावं लागतं. औषधं बनवणाऱ्यांचा डोळा त्यावर आहे तो म्हणूनच (प्रश्न १२).

या ‘नाही’ला एकदोन मजेशीर अपवाद आहेत, ते प्रश्न १६ आणि १७ मध्ये.

३. कोविडच्या रिपोर्टवर ‘आरडीआरपी जीन’ असं लिहिलेलं असायचं. ते हेच का?

हेच, पण थोडा फरक आहे. चाचणी एंझाइम शोधत नव्हती, ते बनवण्याची कृती ज्या आरएनएत लिहिलेली असते तो तुकडा शोधत होती. विषाणूचं बाहेरचं कवच भराभर बदलू शकतं. नकलणाऱ्या एंझाइमच्या गाभ्यात मात्र बदल झाला की बहुधा नक्कलच बंद पडते, म्हणून तो भाग फारसा बदलत नाही. असा न बदलणारा तुकडा चाचणीसाठी धरायला बरा.

त्याच चाचणीच्या नावातलं ‘आरटी’ मात्र वेगळ्या एंझाइमचं आहे. पीसीआरला डीएनए लागतो, म्हणून आधी आरएनएवरून डीएनए काढावा लागतो. ते करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज रेट्रोव्हायरसांत सापडलं. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, १९७५ चं नोबेल रेनाटो डल्बेको यांच्यासह तिघांना मिळालं. एचआयव्ही याच कुळातला.

हे एंझाइम उणे २० अंशांत ठेवतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात इथली लाइट गेली ती दिवसचे दिवस आलीच नाही. तेव्हा ओळखीतल्या एका लॅबवाल्याने एंझाइमचा डबा बंदरावरच्या जनरेटरवाल्या बर्फाच्या कारखान्यात नेला आणि बर्फात खडेमीठ कालवून त्यात पुरून ठेवला. वितळता नुसता बर्फ शून्याच्या खाली जात नाही, मीठ घातलं की उणे वीसच्या आसपास उतरतो. मासळीवाल्यांना हे सांगायला लागत नाही.

४. त्याचा आकार उजव्या हातासारखा असतो म्हणतात. म्हणजे कसा?

माझे आजोबा पडवीत बसून सुंभ वळायचे. मागून सुटा काथ्या भरत जायचा, तळहाताखाली पीळ बसायचा आणि पुढून वळलेला सुंभ बाहेर पडायचा. अर्धवट मिटलेला उजवा हात, त्यातून सरकणारी दोरी: हे चित्र डोळ्यांसमोर धरा.

या एंझाइमचे तीन भाग मानतात: बोटं, तळहात आणि अंगठा. खरं काम तळहातात होतं, अक्षर जोडलं जातं ते तिथे. ज्यावरून नक्कल करायची ती माळ बोटांच्या बाजूने आत येते. सुटी अक्षरं, म्हणजे न्यूक्लिओटाइड, मागच्या एका बोगद्यातून तळहातापर्यंत पोहोचतात. जुनी आणि नवी माळ जोडीने पुढून बाहेर पडते. अंगठा त्या जोडीला बाजूने धरून असतो.

‘हात’ ही उपमा आधी डीएनए नकलणाऱ्या एका जिवाणूच्या एंझाइमला मिळाली, १९८५ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा. विषाणूंच्या एंझाइमची पहिली रचना आली १९९७ मध्ये, पोलिओच्या विषाणूची. दोन्ही हातांत एक फरक आहे. डीएनएवाल्या हाताची बोटं उघडतात आणि मिटतात. विषाणूच्या हाताची बोटं टोकाकडे अंगठ्याला जाऊन भिडलेली असतात, मूठ जवळजवळ कायमची मिटलेली. त्यामुळे अक्षर आत आल्यावर ‘बंद होण्याची’ हालचाल बोटांत न होता तळहाताच्या आतच होते, आणि ती अगदी बारीक असते.

५. एक अक्षर जोडलं जाताना आत नक्की काय घडतं?

हा प्रश्न बारावीची मुलं विचारतात. त्याचं उत्तर मला सांगायला फार आवडतं, तेव्हा जरा लांबेल.

तळहातात दोन मॅग्नेशियमचे आयन बसलेले असतात. त्यांना धरून ठेवतात अॅस्पार्टेट नावाची अमिनो आम्लं. पोलिओ, डेंगी, लाळ्या-खुरकत यांच्या एंझाइमांत या जागी ग्लायसिन-अॅस्पार्टेट-अॅस्पार्टेट असा ठरलेला त्रिकूट असतो. पहिल्या अक्षरांवरून त्याला ‘जीडीडी’ म्हणतात. कोरोना आणि फ्लूमध्ये पहिलं ग्लायसिन जाऊन सेरीन येतं, म्हणजे ‘एसडीडी’. रेबीज आणि कोंबड्यांच्या मानमोडीच्या विषाणूंत तिसऱ्या जागी अॅस्पार्टेटऐवजी अॅस्पॅराजिन, ‘जीडीएन’. मधलं अॅस्पार्टेट मात्र कुणी सोडलेलं नाही.

आता एक न्यूक्लिओटाइड बोगद्यातून आत येतं. त्याला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. ते समोरच्या अक्षराशी जोडी जमते का पाहतं. ‘पाहतं’ हा माझा शब्द. खरं तर ते आत येतं, बसत नाही, निघून जातं, दुसरं येतं. जोडी बरोबर बसली तर तळहाताचा एक भाग किंचित आत सरकतो आणि दोन्ही मॅग्नेशियम नेमक्या जागी येतात. वाढत्या माळेच्या टोकावरचा ऑक्सिजन नव्या अक्षराच्या पहिल्या फॉस्फेटवर चाल करून जातो, बंध तयार होतो, उरलेले दोन फॉस्फेट सुटून बाहेर पडतात. माळ एक घर पुढे सरकते. पुन्हा तेच.

शिवाय एक अॅस्पार्टेट आलेल्या अक्षराच्या साखरेवर दुसऱ्या कार्बनला ऑक्सिजन आहे का ते चाचपतं. तो असेल तर अक्षर आरएनएचं, नसेल तर डीएनएचं. पेशीत दोन्ही प्रकारची अक्षरं तरंगत असतात, म्हणून ही चाचपणी लागते.

६. सुरुवात कुठून करायची हे त्याला कसं कळतं?

माळेच्या टोकाची रचना ओळखून. पण पहिलं अक्षर कशाला जोडायचं? यावर विषाणूंनी वेगवेगळे तोडगे काढले आहेत.

डेंगी आणि माकडतापाच्या कुळातले विषाणू कशाचाही आधार न घेता पहिली दोन अक्षरं थेट एकमेकांना जोडतात. आधार म्हणून एंझाइमचाच एक पदर तळहाताकडे झुकलेला असतो, काम सुरू झालं की तो बाजूला होतो.

पोलिओ आणि लाळ्या-खुरकतचे विषाणू एक चिमुकलं प्रथिन पकडतात, त्याच्यावर यू अक्षर चिकटवतात आणि तिथून माळ वाढवतात. ते प्रथिन माळेच्या टोकाला तसंच राहतं. लाळ्या-खुरकतच्या विषाणूच्या वहीत या प्रथिनाच्या एक नव्हे तीन आवृत्त्या लिहिलेल्या असतात.

फ्लू सरळ चोरी करतो. आपल्या पेशीच्या संदेशवाहक आरएनएच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. फ्लूच्या एंझाइमचा एक भाग ती टोपी पकडतो, दुसरा साधारण १० ते १३ अक्षरांसकट ती छाटतो, तिसरा त्या तुकड्याला पुढची माळ जोडतो. ताजे टोपीवाले आरएनए पेशीच्या केंद्रकात मिळतात, म्हणून फ्लूचं हे काम केंद्रकात चालतं. बहुतेक आरएनए विषाणू केंद्रकाबाहेरच काम उरकतात.

७. सर, गोचीड चावता आणि ताप येता. मगे ह्या एंझाइम गोचडीत असता की विषाणूत?

कृती विषाणूच्या आरएनएत लिहिलेली असते. गोचीड ती वाहून आणते. एंझाइम तयार होतं ते ज्या पेशीत विषाणू शिरतो तिथे: गोचडीच्या पेशीत शिरला तर तिथे, माकडाच्या तर तिथे, तुमच्या तर तुमच्यात. गोचडीचं अंग हवेइतकंच गार-गरम असतं, तापलेला माणूस ३९-४० अंशांवर. हेच एंझाइम दोन्हीकडे चालतं.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्याकडे दोडामार्गात तो २०१६ पासून ठळकपणे दिसू लागला. त्याच्या एंझाइमचं नाव एनएस५. त्याला दोन डोकी आहेत म्हणा: एक भाग आरएनए नकलतो, दुसरा नव्या आरएनएवर टोपी पुरी करतो, म्हणजे पेशीला तो आपलाच वाटावा. डेंगीचं एनएस५ याच घडणीचं, सुमारे ९०० अमिनो आम्लांचं.

काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. एंझाइमशी याचा संबंध नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

८. काही विषाणू एंझाइम तयार घेऊन येतात आणि काही येत नाहीत, असं का?

विषाणूची माळ सुलटी आहे की उलटी यावर ते ठरतं. डेंगी, माकडताप, पोलिओ, कोरोना यांची माळ सुलटी, म्हणजे आपल्या पेशीला थेट वाचता येणारी. ती आत आली की पेशी बिचारी आपलंच काम समजून तिच्यावरून प्रथिनं बनवते, त्यांत हे एंझाइमही बनतं.

रेबीज, फ्लू, गोवर, मानमोडी यांची माळ उलटी. पेशीला त्यातलं काही वाचता येत नाही. आधी कुणीतरी सुलटी प्रत काढायला हवी, आणि ते करणारं एंझाइम तर पेशीत नाही (प्रश्न २). म्हणून हे विषाणू तयार एंझाइम सोबत बांधूनच आणतात. रेबीजच्या एंझाइमचं नावच ‘एल’, म्हणजे लार्ज: दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं धूड. पोलिओचं त्यासमोर ४६१ चं.

लहान मुलांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस दुहेरी माळेचा. तोही एंझाइम सोबत आणतो आणि कवच पूर्ण न उघडता आत बसूनच नकला काढून बाहेर सोडतो. दुहेरी आरएनए दिसला की पेशी धोक्याची घंटा वाजवते, म्हणून हा आडोसा.

मानमोडीच्या विषाणूची माळ नेहमी सहाच्या पाढ्यात असते. तिच्यावर चढणारं प्रथिन सहा-सहा अक्षरं झाकतं. एखादं अक्षर जास्त झालं तरी नक्कल नीट होत नाही. याचा उपयोग काय असं विचारू नका, मला आवडतं म्हणून सांगितलं.

९. हे एंझाइम फार चुका करतं म्हणतात. किती?

साधारण दहा हजार ते लाखभर अक्षरांत एक, कधी याहून थोडी कमी. आपल्या पेशीत डीएनएची नक्कल होताना तपासणी आणि दुरुस्ती धरून चूक राहते ती अब्जात एखादी. डेंगीची माळ सुमारे १०,७०० अक्षरांची आहे. दहा हजारांत एक हा दर धरला तर प्रत्येक नव्या प्रतीत सरासरी एक चूक.

वर्गात मी एक खेळ घेतो. पहिल्या बाकावर एक परिच्छेद देतो, तो उतरवून मागच्या बाकाला द्यायचा. दोन अटी: घाई करायची आणि लिहिलेलं परत वाचायचं नाही. गेल्या वर्षी ‘वेंगुर्ल्याच्या बंदरात’ने सुरुवात झाली, शेवटच्या बाकावर ‘वेंगुर्ल्याच्या माकडात’ पोहोचलं. आधी वर्ग हसला. मग एक मुलगी म्हणाली, “सर, पण हे वाक्य पण वाचता येतंय.” तिने नेमकं बोट ठेवलं. बहुतेक चुकांनी मजकूर बिघडतो, काहींनी काहीच फरक पडत नाही, आणि क्वचित एखादी चूक नवं काहीतरी बोलून जाते. औषधाला दाद न देणारे, प्रतिकारशक्तीला चकवणारे प्रकार त्यातूनच निघतात.

चुकांखेरीज आणखी एक वाट आहे. एकाच पेशीत दोन जवळचे विषाणू शिरले तर एंझाइम नक्कल अर्धी झाल्यावर एका माळेवरून दुसरीवर उडी मारू शकतं. अर्धं याचं, अर्धं त्याचं. पोलिओच्या कुळात आणि कोरोनांत हे बऱ्याचदा दिसतं.

१०. मग चुका कमी करणारं एंझाइम विषाणूला जास्त फायद्याचं नाही का?

आपल्याला तसं वाटतं खरं. रिबाविरिन औषधाला न जुमानणारा पोलिओचा एक विषाणू प्रयोगशाळेत मिळाला. एंझाइममधलं ६४ व्या जागेवरचं ग्लायसिन जाऊन सेरीन आलं होतं, एवढाच बदल. त्याने चुका कमी झाल्या. भांड्यातल्या पेशींत हा विषाणू ठीक वाढला, पण उंदरांत मूळ विषाणूपेक्षा दुबळा ठरला. उंदराच्या शरीरात आतड्यापासून मज्जासंस्थेपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी टिकायचं तर वेगवेगळे नमुने हाताशी लागतात, आणि ते चुकांतूनच मिळतात. उलट चुका फार वाढल्या तरी मरण (प्रश्न १२). मधल्या अरुंद पट्ट्यात हे एंझाइम बसलेलं आहे.

११. कोरोनाची माळ तर डेंगीच्या तिप्पट लांब. मग तो चुकांनी कोसळत कसा नाही?

त्याच्याकडे तपासनीस आहे. कोरोनाची माळ जवळपास ३०,००० अक्षरांची. नकलणारं एंझाइम एनएसपी१२, त्याच्याबरोबर एनएसपी७ एक आणि एनएसपी८ दोन. एनएसपी८ च्या दोन लांब दांड्या बाहेर पडणाऱ्या दुहेरी माळेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. होडी किनाऱ्यावर ओढताना दोन्हीकडून हात लावतात तसं, म्हणून ती मध्येच सुटत नाही. आणि एनएसपी१४ नावाचं वेगळं प्रथिन चुकीचं अक्षर टोकावरून कापून टाकतं. २००३ च्या सार्स विषाणूत ते निकामी करून पाहिलं तेव्हा चुका पंधरा-वीस पट वाढल्या.

असा तपासनीस आरएनए विषाणूंत फार थोड्यांकडे आहे. ‘कोरोना भराभर बदलतो’ हे आपण ऐकलं ते खरं, पण प्रत्येक नकलेमागे पाहिलं तर फ्लू त्याच्याहून जास्त चुकतो. कोरोनाला तेव्हा माणसंच इतकी मिळाली की नकलांची संख्या अफाट झाली.

१२. रेमडेसिव्हिर याच एंझाइमवर चालतं का? कसं?

हो. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यासाठी आपण रात्री-अपरात्री फोन फिरवत होतो ते औषध म्हणजे खोटं ‘ए’ अक्षर. एंझाइम फसतं आणि ते माळेत ओवतं. गंमत पुढे आहे: नक्कल लगेच थांबत नाही, आणखी तीन अक्षरं जोडली जातात आणि मग खोटं अक्षर एंझाइमच्या एका सेरीनला अडकतं. तोवर ते माळेत आत गेलेलं असतं, त्यामुळे प्रश्न ११ मधल्या तपासनिसाला ते सहज छाटता येत नाही, असं मानलं जातं.

मोलनुपिराविरची चाल वेगळी. ते कधी सी-सारखं वागतं, कधी यू-सारखं. नक्कल चालूच राहते, पण चुका इतक्या साचतात की पुढच्या पिढ्या निकामी निघतात. फॅव्हिपिराविरही मुख्यतः याच वाटेने जातं. सर्वांत देखणं यश मात्र हिपॅटायटिस सी-च्या सोफोसबुविरचं आहे: खोटं यू, जे जोडलं की माळ तिथेच खुंटते. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने साधारण तीन महिन्यांत दहातले नऊहून जास्त रुग्ण बरे होतात, तेही कायमचे.

१३. एवढं सगळं कळलंय तर रेमडेसिव्हिरने सगळे वाचले का नाहीत? आणि माकडतापावर, डेंगीवर असं औषध का नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वेळेत आहे. विषाणूच्या नकला सर्वांत जोरात चालतात त्या आजाराच्या पहिल्या काही दिवसांत. माणूस व्हेंटिलेटरवर जातो तेव्हा त्रास मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या भडक्याचा असतो. नक्कल थांबवून फार काही हाती लागत नाही. लवकर दिलेल्या रेमडेसिव्हिरचा उपयोग दिसला, व्हेंटिलेटरवरच्यांना दिसला नाही. चोर पळाल्यावर दाराला कडी, इतकं साधं आहे ते.

डेंगीत हीच अडचण आणखी बिकट. ताप उतरू लागतो, विषाणू कमी होत असतो आणि नेमका तेव्हाच प्लाझ्मा पाझरण्याचा धोका सुरू होतो. डेंगी आणि माकडताप, दोन्हींवर मान्यता असलेलं विषाणूविरोधी औषध आज नाही. एनएस५ वर काम चालू आहे. हिपॅटायटिस सी महिनोन्महिने शरीरात बसून राहतो, म्हणून तिथे औषधाला वेळ मिळाला. माकडताप तेवढी सवड देत नाही.

१४. एवढ्या लहान वस्तूचा आकार बघितला कसा?

आधी क्ष-किरणांनी: एंझाइमचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून गणिताने आकार काढायचा. स्फटिक होणं ही मोठी मारामार. मोठी, लवचिक एंझाइमं दाद देत नाहीत. आता क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. नमुना क्षणात गोठवायचा, हजारो कणांची चित्रं घ्यायची, ती एकमेकांवर बसवायची. २०२० मध्ये कोरोनाच्या एंझाइमची रचना साथ सुरू झाल्यावर काही महिन्यांतच छापून आली ती अशी.

१५. कोळंबीचा व्हाइट स्पॉट, केळीचा पर्णगुच्छ, लेप्टो यांनाही हेच लागू होतं का?

नाही. व्हाइट स्पॉटचा विषाणू डीएनएचा, सुमारे तीन लाख अक्षरांचा. त्याच्याकडे डीएनए नकलणारं एंझाइम असतं. केळीच्या पर्णगुच्छाचा विषाणूही डीएनएचा, पण अगदी छोटा. तो झाडाच्याच एंझाइमांकडून नक्कल करून घेतो. पपईचा रिंगस्पॉट मात्र आरएनएचा, त्याच्याकडे आरडीआरपी आहे. पर्णगुच्छ आणि रिंगस्पॉट दोन्ही मावा पसरवतो, म्हणून लोक एकाच माळेचे मणी समजतात. तसं नाही.

लेप्टो विषाणूच नाही, जिवाणू आहे. त्याला अँटिबायोटिक चालतं. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल आणि ताप आला तर आरडीआरपीचा विचार करत बसू नका, दवाखाना गाठा.

१६. आरएनए आहे पण एंझाइमच नाही, असं काही असतं का?

असतं, आणि त्याचा संबंध माडाशी आहे. फिलिपिन्समध्ये माडांना कडांग-कडांग नावाचा रोग होतो. नारळ लहान, गोल होत जातात, पानांवर पिवळे ठिपके येतात, काही वर्षांत माड मरतो. कारण आहे एक व्हायरॉइड: २४६ अक्षरांचा आरएनएचा गोल तुकडा. ना कवच, ना एकाही प्रथिनाची कृती. तो माडाच्या पेशीतलं डीएनए वाचणारं पॉलिमरेजच फितवतो आणि त्याच्याकडून आरएनएची नक्कल करून घेतो.

माणसातही एक उदाहरण आहे, हिपॅटायटिस डी. त्याच्याकडेही नकलणारं एंझाइम नाही; तो आपल्या पेशीचं आरएनए पॉलिमरेज दोन वापरतो. प्रश्न २ मध्ये ‘ते यंत्र आपल्याकडे नाही’ असं मी लिहिलं. खरं उत्तर असं की यंत्र नाही, पण दुसरं यंत्र क्वचित वाकवता येतं.

१७. झाडांत आरडीआरपी असतं असं वाचलं. मग तुमचं उत्तर चुकलं का?

एका चाणाक्ष विद्यार्थिनीने हे पकडलं होतं. प्रश्न २ चं उत्तर आपल्यापुरतं, म्हणजे माणसापुरतं आहे. झाडं, बुरशी आणि काही गोलकृमी यांच्या पेशींत स्वतःचं आरडीआरपी असतं. ते विषाणूविरुद्ध वापरलं जातं: घुसखोर आरएनएच्या उलट्या प्रती काढायच्या, त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांच्या ओळखीवरून बाकीचा घुसखोर आरएनए शोधून कापायचा. काम तेच असलं तरी घडण वेगळी आहे. हा प्रश्न ४ मधला उजवा हात नाही. डीएनएवरून आरएनए काढणाऱ्या एंझाइमांशी याचं नातं जवळचं. विषाणूवरचं औषध दोघांना सारखंच लागू पडेल असं समजू नये.

१८. विषाणू बाजूला ठेवून नुसतं एंझाइम आणि आरएनए काचेच्या नळीत घातलं तर?

सोल स्पीगलमन यांच्या गटाने हे करून पाहिलं आणि १९६७ मध्ये छापलं. जिवाणूंवर जगणारा क्यू-बीटा नावाचा विषाणू, त्याचं एंझाइम, त्याचा सुमारे ४,२०० अक्षरांचा आरएनए आणि सुटी अक्षरं. थोडा वेळ नक्कल होऊ द्यायची, त्यातला थेंबभर नव्या नळीत टाकायचा, पुन्हा तेच. वेळ हळूहळू कमी करत न्यायचा, म्हणजे जो लवकर नकलला जाईल तोच पुढे जाणार.

७४ नळ्यांनंतर पाहिलं तर मूळ माळेचा ८३ टक्के भाग गळून गेला होता. कवचाची कृती गेली, खुद्द एंझाइमची कृतीही गेली, कारण नळीत एंझाइम फुकट मिळत होतं. उरला होता एक आखूड तुकडा, ज्याला एंझाइम घट्ट पकडायचं आणि झपाट्याने नकलायचं. जिवाणूला संसर्ग करणं त्याला आता जमत नव्हतं.